भाचीचे ब्रिटन वेल्सपासून सुरू होते

ब्रिटनमध्ये कायमच्या वास्तव्याची परवानगी किंवा नागरिकत्व हवे असेल, तर ‘लाइफ इन द यूके’ नावाची परीक्षा द्यावी लागते. ४५ मिनिटांत २४ प्रश्न सोडवायचे आणि त्यांपैकी १८ बरोबर आले की उत्तीर्ण. आठव्या हेन्रीच्या सहा राण्या, मॅग्ना कार्टाचे साल, संसदेच्या दोन सभागृहांचे अधिकार असे पुष्कळ काही मी त्या परीक्षेसाठी पाठ केले होते आणि परीक्षा झाल्यावर त्यातले बरेचसे यथावकाश विसरूनही गेले. पुढे माझी धाकटी बहीण इथल्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाली आणि तिच्या मागोमाग तिचे यजमान व आठ वर्षांची लेक साताऱ्याहून कार्डिफला आले. तेव्हा भाचीला इथल्या जगण्याची ओळख करून देण्याचे काम ‘मावशी इतकी वर्षे तिकडेच आहे’ या न्यायाने माझ्याकडे आले. हे काम करताना असे लक्षात आले की लहान मुलांच्या वाट्याला येणारे ब्रिटन त्या परीक्षेच्या पुस्तकातल्या ब्रिटनहून फार निराळे असते, आणि ते मूल कोणत्या गावात उतरले यावर फार अवलंबून असते.

साताऱ्यातले सगळे नातेवाईक ‘ती इंग्लंडला गेली’ असेच म्हणतात. कार्डिफ ही वेल्सची राजधानी आहे आणि वेल्स म्हणजे इंग्लंड नव्हे, हे आमच्या आईलाही मी अनेकदा सांगून पाहिले आहे. ती ‘बरं’ म्हणते आणि पुढच्या वाक्यात पुन्हा इंग्लंडच म्हणते. भाचीला मात्र हा फरक एका चित्राने कळला. शाळेत तिने युनियन जॅक रंगवला, आणि घरी आल्यावर तो माझ्यापुढे धरून तिने विचारले, “मावशी, सगळीकडे लावलेला तो लाल ड्रॅगन यात कुठे आहे?” वेल्सच्या ध्वजावरचा तो ड्रॅगन त्यात नाहीच. इंग्लंडच्या सेंट जॉर्जचा लाल क्रूस आणि स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूचा तिरपा पांढरा क्रूस १६०६ साली एका ध्वजावर आले, १८०१ साली आयर्लंडच्या सेंट पॅट्रिकचा तिरपा लाल क्रूस त्यांत मिसळला. परंतु वेल्स हे १५३६ आणि १५४२ च्या कायद्यांनी आधीच इंग्लंडच्या राज्यात सामील करून घेतलेले असल्यामुळे ध्वज ठरवताना त्याचा वेगळा विचार कोणी केला नाही. भाचीने हे ऐकून घेतले, ‘हे बरोबर नाही’ असा निकाल दिला आणि चित्राच्या मधोमध पेन्सिलने एक ड्रॅगन काढला. वेल्समधल्या पुष्कळ लोकांचे मत याहून वेगळे नसावे.

शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, तरी दिवस सुरू होतो तो वेल्श भाषेत. हजेरी घेताना बाई ‘बोरे दा’ म्हणजे ‘सुप्रभात’ म्हणतात आणि नाव पुकारले की मूल ‘अमा’, म्हणजे ‘हजर’, असे उत्तर देते. रोज एका मुलाची ‘आजचा मदतनीस’ म्हणून नेमणूक होते. त्याने वर्गापुढे उभे राहून मित्रांना कसे आहात ते विचारायचे आणि बाहेर हवा कशी आहे तेही वेल्शमध्येच विचारून घ्यायचे. कार्डिफची हवा लक्षात घेता ‘पाऊस पडतो आहे’ एवढे एक वाक्य नीट बसले, तर वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस निभावून जातात. साताऱ्यात सेमी-इंग्रजीत शिकलेली ही मुलगी पहिले काही आठवडे इंग्रजीच्या तासाला गप्प बसायची, कारण इथल्या मुलांचे बोलणे तिच्या कानाला फार भरभर वाटे. वेल्शच्या तासाला मात्र चित्र पालटे. तिच्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी इंग्रजी, आणि काहींच्या घरी अरबी, सोमाली किंवा बंगाली बोलतात. वेल्श सगळ्यांनाच शिकावी लागते, त्यामुळे तिथे कोणी पुढे नव्हते आणि ती मागे नव्हती. वेल्शमध्ये ‘ल’साठी जीभ लावून तशीच ठेवायची आणि तिच्या बाजूने नुसती हवा सोडायची, असा एक अवघड उच्चार आहे. इंग्रजी बोलणारी मुले त्यावर अडखळत असताना हिने तो दोन दिवसांत साधला आणि बाईंनी तिला तो इतरांना करून दाखवायला लावला. परक्या शाळेत मुलाचा जीव कशाने रमेल ते सांगता येत नाही. हिचा या उच्चाराने रमला.

इतर गोष्टी आपोआप अंगवळणी पडत गेल्या. रांगेत उभे राहणे, दार उघडे धरून ठेवणे, चुकून कोणाचा धक्का लागला तर ज्याला लागला त्यानेही ‘सॉरी’ म्हणणे, यांसाठी वेगळा धडा लागत नाही. आईला मात्र काही धडे घ्यावे लागले. डब्यात शेंगदाणे चालत नाहीत, हा नियम वाचल्यावर बहीण हतबल झाली, कारण साताऱ्याच्या स्वयंपाकघरातून दाण्याची चटणी आणि दाण्याचा कूट वजा केल्यावर डब्यात द्यायला फारसे काही उरत नाही. एखाद्या मुलाला दाण्याची तीव्र अॅलर्जी असेल तर नुसत्या खरकट्या हाताचा स्पर्शही बाधू शकतो, हे समजावून सांगितल्यावर तिने तो नियम मुकाट्याने मान्य केला. आता वेल्समध्ये प्राथमिक शाळेतल्या सर्व मुलांना दुपारचे जेवण फुकट मिळते, त्यामुळे तो प्रश्नही राहिला नाही; भाची शाळेतच जेवते आणि घरी येऊन ‘आज पुन्हा बटाटा होता’ अशी तक्रार करते.

वाढदिवसाच्या आमंत्रणावर कार्यक्रम किती वाजता सुरू होणार याबरोबर किती वाजता संपणार हेही छापलेले असते, ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला सुरुवातीला अपमानासारखी वाटते. आमंत्रण फक्त त्या मुलाला असते. भावंडांना किंवा आई-वडिलांना ते आहे असे गृहीत धरायचे नसते. निघताना प्रत्येक मुलाच्या हातात एक लहान पिशवी दिली जाते. तिच्यात एखादे खोडरबर, एखादा फुगा, दोन-चार गोळ्या आणि कागदी रुमालात गुंडाळलेला केकचा तुकडा असतो, आणि घरी पोहोचेपर्यंत त्या तुकड्यावरची साखर रुमालाला हमखास चिकटलेली असते. भाचीच्या मते वाढदिवसाला जाण्याचे मुख्य कारण ती पिशवीच आहे.

साताऱ्याचे आजोबा दर रविवारी फोनवर एकच प्रश्न विचारतात: “कितवा नंबर आला?” इथे नंबर येत नाही. पालकसभेत शिक्षिकेबरोबर दहा मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात मुलीला काय जमते, काय अजून जमत नाही आणि ती मधल्या सुट्टीत कोणाबरोबर खेळते, एवढे कळते. माझ्या ओळखीच्या इंग्लंडमधल्या मराठी पालकांकडून बहिणीला सहावीच्या सॅट्स परीक्षेची तयारी आतापासून करण्याचा सल्ला मिळाला होता. पण शिक्षण हा विषय वेल्समध्ये कार्डिफच्या सरकारच्या हातात आहे, इथे ती परीक्षा नाही, आणि २०२२ पासून सुरू झालेला अभ्यासक्रमही वेगळा आहे. मुलाने आपल्या गावापासून सुरुवात करून मग वेल्स, मग ब्रिटन, मग जग असे शिकत जावे, अशी त्या अभ्यासक्रमाची दृष्टी आहे. मला ती पटते. आजोबांना ती पटलेली नाही.

नोव्हेंबर हा मुलांच्या दृष्टीने इथला सर्वांत भरगच्च महिना असावा. दिवाळी कधी त्याच्या तोंडावर येते, कधी त्यातच. आणि ५ नोव्हेंबरला सगळ्या देशात फटाके उडतात. १६०५ साली संसदेचे उद्घाटन करायला येणाऱ्या राजा पहिल्या जेम्ससकट अख्खे सभागृह उडवून देण्याचा कट काही कॅथलिक मंडळींनी केला होता, आणि तळघरात बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांशेजारी गाय फॉक्स पकडला गेला. कट फसल्याचा आनंद आजही शेकोट्या पेटवून साजरा होतो. ‘म्हणजे यांचे फटाके राजा वाचला म्हणून, आणि आपले राम घरी आला म्हणून,’ असे भाचीने ठरवून टाकले. त्यातला धार्मिक तंट्याचा भाग इतका मागे पडला आहे की हॉट डॉग खात आकाशाकडे बघणाऱ्या कोणाला तो आठवत असेल असे वाटत नाही, आणि तो मागे पडला हे चांगलेच झाले.

त्यानंतर पाच-सहा दिवसांत वातावरण एकदम पालटते. युद्धात पडलेल्यांच्या आठवणीसाठी लावायच्या कागदी लाल खसखशीच्या फुलांची खोकी घेऊन वरच्या वर्गातली मुले वर्गावर्गांतून फिरतात, आणि ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता अख्खी शाळा दोन मिनिटे स्तब्ध उभी राहते. १९१८ साली याच दिवशी याच वेळी पहिले महायुद्ध थांबले. हे आपले नव्हे, असे सातारच्या मुलीला वाटण्याचे काही कारण नाही. आपशिंगे मिलिटरी हे गाव तिच्या आजोळापासून जवळच आहे; तिथल्या घराघरांतून माणसे पहिल्या महायुद्धात लढायला गेली आणि मेलेल्यांची आठवण म्हणून इंग्रजांनी गावात शिळा उभारली. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैमध्ये इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी हे तिला कार्डिफच्या कॅथेज पार्कमधल्या वेल्सच्या युद्धस्मारकापाशी उभे राहून सांगितले. तिने ते वर्गात सांगितले. बाईंनी नकाशावर सातारा शोधून तिथे टाचणी लावली.

डिसेंबरमध्ये पँटोमाइम. त्याला मूकनाट्य समजून गेलेला मराठी माणूस पहिल्या पाच मिनिटांतच हबकतो, कारण त्यात मूक असे काहीही नसते. परीकथेतली एखादी ढोबळ गोष्ट, चालू राजकारणावरचे टोमणे, गाणी, प्रेक्षकांवर फेकलेल्या गोळ्या, आणि खलनायक मागून येताना ‘तो तुझ्या मागे आहे!’ असे सगळ्या थिएटरने ओरडणे हा त्यातला नेम. सर्वांत मोठा मान असतो ‘डेम’चा, म्हणजे भडक लुगडी-दागिन्यांच्या थाटात वावरणाऱ्या पोक्त बाईच्या भूमिकेतल्या पुरुष नटाचा. भाचीचे बाबा मुळात लोकनाट्याचे वेडे, न्यू थिएटरमध्ये डेम रंगमंचावर आली आणि समोरच्या रांगेतल्या एका गृहस्थाची फिरकी घेऊ लागली, तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, “अरे, ही तर गवळणीतली मावशी!” आणि ते खरेच आहे. तमाशाच्या गवळणीत वाट अडवणाऱ्या कृष्णाशी हुज्जत घालणारी, पेंद्याला झापणारी, मध्येच प्रेक्षकांकडे वळून चावट शेरा मारणारी मावशी पुरुषच करतो, आणि तिच्याशिवाय रंग भरत नाही. इंग्रजी जेमतेम समजणाऱ्या माणसाला इथल्या इतक्या गोष्टींपैकी हीच आधी कळावी याचे मला नवल वाटले नाही.

मुलांना इथला इतिहास दाखवायचा असेल तर मी त्यांना किल्ल्यावर नेण्याआधी सेंट फेगन्सला नेते. कार्डिफच्या वेशीवर १९४८ पासून असलेले हे उघड्यावरचे संग्रहालय. वेल्सभरातून शेतघरे, चर्च, दुकान, कामगारांचा क्लब, शाळा अशा इमारती दगड-विटांसकट उचलून इथे पुन्हा उभ्या केल्या आहेत, आणि प्रवेश फुकट आहे. त्यात मर्थर टिडफिलजवळच्या रिड-अ-कार इथल्या लोखंड कामगारांच्या सहा चाळवजा घरांची एक ओळ आहे. पहिले घर १८०५ सालचे म्हणून सजवले आहे, पुढची १८५५, १८९५, १९२५, १९५५ अशी करत शेवटचे १९८५ चे. घर तेच, खोल्या तेवढ्याच. पण पहिल्या घरात चूल आणि एक बाकडे, मधल्या घरात कोळशाची शेगडी आणि चिनीमातीच्या कुत्र्यांची जोडी, आणि शेवटच्या घरात टीव्ही. मागचे परसही साल बदलेल तसे बदलत जाते. भाची त्या ओळीतून उलटसुलट धावत राहिली. शेवटच्या घरातला तो टीव्ही पाहून ‘हा तर आज्जीकडे होता’ असे ती म्हणाली आणि मग पहिल्या घरातल्या मुलांना शाळा होती का, असे तिने विचारले.

शाळेची इमारतही तिथेच आहे, आणि तिथे गेल्यावर ‘वेल्श नॉट’ची गोष्ट टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या काही शाळांमध्ये वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाची एक पट्टी अडकवत. त्याने दुसऱ्या कोणाला वेल्श बोलताना ऐकले की ती पट्टी त्याच्या गळ्यात जायची, आणि शाळा सुटताना ती ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी. असा काही सरकारी कायदा नव्हता. शिक्षक हे करत, आणि मुलांना इंग्रजी यावी म्हणून कित्येक पालकांचीही त्याला संमती असे. मला या गोष्टीतला सर्वांत दुखरा भाग पालकांच्या संमतीचाच वाटतो, कारण आपल्याकडे आज इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी बोलल्याबद्दल दंड घेतल्याच्या तक्रारी येतात, तेव्हाही पालक सहसा शाळेच्याच बाजूने असतात.

वेल्शने त्यानंतर जे केले ते मात्र आपल्याला अजून साधायचे आहे. १९६२ पासून चळवळी झाल्या, तरुण तुरुंगात गेले, रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्यांना रंग फासले गेले. वेल्श दूरदर्शन वाहिनीचे वचन सरकारने मोडले, तेव्हा १९८० साली प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे नेते ग्विनवोर एव्हन्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला आणि मार्गारेट थॅचर यांच्या सरकारला माघार घ्यावी लागली. १ नोव्हेंबर १९८२ रोजी ती वाहिनी सुरू झाली. आता १६ वर्षे वयापर्यंत प्रत्येक शाळेत वेल्श सक्तीची आहे. २०२१ च्या जनगणनेत ती येते असे सांगणारे १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५,३८,००० लोक भरले, आणि २०५० पर्यंत दहा लाखांचा आकडा गाठण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. संख्या कमी होते आहे हे इथले लोक जाणून आहेत. तरीही स्थानकावरची घोषणा आधी वेल्शमध्ये होते.

या साऱ्याचा उत्सव १ मार्चला, सेंट डेव्हिडच्या दिवशी दिसतो. त्या सकाळी शाळेच्या वाटेवर मुलींनी लाल शाल, चौकड्यांचा घागरा आणि नळकांड्यासारखी उंच काळी टोपी घातलेली असते. मुलांनी जाकीट आणि चपटी टोपी, नाहीतर सरळ रग्बीचा लाल शर्ट. छातीवर डॅफोडिलचे पिवळे फूल, आणि कट्टर घरांतल्या मुलांच्या छातीवर लीक या कांद्याच्या जातीच्या भाजीची खरीखुरी जुडी टाचलेली. तिचा कांद्यासारखा वास दुपारपर्यंत वर्गभर पसरतो. बहिणीने घागऱ्यासाठी जुनी इरकल कापायला घेतली होती. मी मध्ये पडून ती वाचवली आणि बाजारातून चौकड्यांचे कापड आणले.

त्या दिवशी शाळेत आइस्टेदवोद भरते. ही गाणे, पठण, नृत्य आणि काव्यलेखन यांची स्पर्धा असते. गावोगावी, शाळाशाळांत ती होते आणि ऑगस्टमध्ये राष्ट्रीय आइस्टेदवोद भरते, जे एका वर्षी उत्तरेला तर पुढच्या वर्षी दक्षिणेला असते आणि ज्यात सारा व्यवहार वेल्शमध्येच चालतो. मुलांच्या ‘ऊर्द’ या संघटनेचे तर स्वतंत्र आइस्टेदवोद आहे. ही संघटना १९२२ पासूनची. भाचीने पठणात नाव दिले. चार कडव्यांची कविता तिने अर्थासकट पाठ केली आणि साताऱ्याच्या स्नेहसंमेलनात शिकलेल्या सवयीप्रमाणे ‘पाऊस’ म्हणताना बोटे नाचवत, ‘डोंगर’ म्हणताना दोन्ही हात डोक्यावर नेत म्हणून दाखवली. बाईंनी हसून हात खाली ठेवायला सांगितले. इथल्या पठणात सगळी मदार आवाजावर आणि नजरेवर असते. हातवाऱ्यांना वाव जवळजवळ नाही. तिला ते पटायला वेळ लागला. ‘मग हातांनी काय करायचं?’ हा तिचा प्रश्न मला योग्य वाटतो, आणि त्याचे नीट उत्तर मला देता आले नाही. शेवटी तिने हात पाठीमागे बांधून कविता म्हटली आणि तिला तिसरे बक्षीस मिळाले. आजोबांना अखेर एक नंबर सांगता आला.

शेवटचा सोहळा खुर्चीचा. टोपणनावाने आलेल्या कवितांतून सर्वोत्तम कविता निवडतात, व्यासपीठावरून टोपणनाव पुकारतात, आणि ज्याचे ते असेल त्याने आहे त्या जागी उभे राहायचे. मग त्याला मिरवत आणून कोरीवकाम केलेल्या लाकडी खुर्चीत बसवतात, त्याच्या डोक्यावर तलवार धरून ‘शांतता आहे का?’ असे तीनदा विचारतात, आणि सभेने तिन्ही वेळा ‘शांतता’ असे गर्जून उत्तर दिल्यावरच कवीला खुर्ची मिळते. शाळेत तलवार पुठ्ठ्याची होती, गर्जना मात्र खरी. १९१७ साली राष्ट्रीय सोहळ्यात टोपणनाव पुकारले गेले आणि कोणी उभेच राहिले नाही. हेद विन हा मेंढपाळ कवी सुमारे पाच आठवड्यांपूर्वी, ३१ जुलैला, बेल्जियममधल्या लढाईत मारला गेला होता. त्याच्या खुर्चीवर काळे कापड घातले गेले. नोव्हेंबरमधल्या त्या कागदी फुलाचा वेल्श मुलांच्या मनात असलेला अर्थ या खुर्चीशी जोडलेला आहे, आणि आमच्या मुलीच्या मनात आता आपशिंग्याच्या शिळेशीही.

घरी त्या दिवशी वेल्श केक झाले. मैदा, लोणी, साखर, अंडे, बेदाण्यासारखे बारीक करंट आणि चिमूटभर मसाला घालून गोळा मळायचा, बोटाच्या निम्म्या जाडीची पोळी लाटून वाटीने गोल पाडायचे आणि मंद आचेवर लोखंडी जाड तव्यावर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटे भाजायचे. इथल्या घरांत यासाठी पिढीजात तवा असतो. बहिणीने साताऱ्याहून आणलेला बिडाचा तवा चढवला आणि केक इथल्या बायकांच्या तोडीचे झाले. याउलट कार्डिफच्या चिप्सच्या दुकानांत मिळणारे ‘हाफ अँड हाफ’, म्हणजे एकाच डब्यात अर्धा भात, अर्धे चिप्स आणि वर पिवळट करी सॉस, हा पदार्थ मला आजतागायत गिळता आलेला नाही. भाची आणि तिचे बाबा तो आवडीने खातात.

खेळाच्या बाबतीत निष्ठांची वाटणी मुलांना समजावताना पुरेवाट होते. रग्बी आणि फुटबॉलमध्ये वेल्सचा स्वतःचा संघ आहे. क्रिकेटमध्ये तो नाही, आणि वेल्सचे खेळाडू इंग्लंडकडून खेळतात. मंडळाचे नाव ‘इंग्लंड अँड वेल्स क्रिकेट बोर्ड’ असे आहे, पण ‘ईसीबी’ या आद्याक्षरांत वेल्सचा पत्ता नाही, याची चीड इथे पुष्कळांना आहे. भाचीच्या बाबांना तिला क्रिकेटकडे वळवायचे असते, म्हणून ते सोफिया गार्डन्सच्या मैदानाबाहेर उभे राहून ग्लॅमॉर्गन या वेल्समधल्या कौंटी संघाचे पुराण सुरू करतात: १९६८ साली स्वॉन्सीला गॅरी सोबर्सने ग्लॅमॉर्गनच्या माल्कम नॅशला एका षटकात सहा षटकार ठोकले, १९८५ च्या जानेवारीत मुंबईच्या रवी शास्त्रीने वानखेडेवर तीच करामत केली, आणि पुढे हाच शास्त्री १९८७ पासून ग्लॅमॉर्गनकडून खेळला. एवढे सगळे धागे जुळूनही मुलीचा ओढा रग्बीकडेच आहे. सामन्याच्या दिवशी शहराच्या मधोमध असलेल्या, सुमारे ७४,००० माणसे मावणाऱ्या स्टेडियमकडे रस्ते बंद करून लाल शर्टांचा लोंढा चालत जातो, आणि आत वेल्सचे राष्ट्रगीत सुरू झाले की ते नदीपलीकडे ऐकू येते. १९०५ साली न्यूझीलंडच्या ‘हाका’ या युद्धनृत्याला उत्तर म्हणून प्रेक्षकांनी ते गायले आणि तो सामना वेल्सने जिंकला. याच चालीवर मेघालयात खासी लोक आपले गीत म्हणतात, कारण १८४१ पासून वेल्श मिशनरी चेरापुंजीला होते. हे मी भाचीला सांगितले तेव्हा तिने ते यूट्यूबवर शोधून काढले आणि वर्गात लावायला नेले.

आता ती पाचवीत आहे आणि घरात नवी चर्चा आहे. तिची जिवलग मैत्रीण सहावीनंतर वेल्श माध्यमाच्या माध्यमिक शाळेत जाणार, तर आपणही तिथेच जाणार असे हिचे म्हणणे. बहिणीला काळजी अशी की विज्ञान आणि गणित अशा भाषेत शिकायचे, जी घरात कोणालाच येत नाही. तिच्या यजमानांचे म्हणणे असे की घरात इंग्रजी तरी कोणाला धड येत होती. उशिरा आलेल्या मुलांना आधी काही महिने भाषेत मुरवून मग वेल्श माध्यमात घेणारी केंद्रे इथे आहेत, त्यातले एक पाहून यावे असे ठरले आहे. माझे मत त्यांनी विचारले आणि मी मैत्रिणीच्या बाजूने दिले. आजोबांना अजून काही कळवलेले नाही. अर्ज पुढच्या वर्षी शरद ऋतूत भरायचा आहे, त्याआधी त्यांना सांगायचे काम बहिणीने माझ्यावर सोपवले आहे.